चाकामागचा दगड

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं म्हणावं. मी कोणाला पटवायला बसलेलो नाही. पण हे माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय, आणि शेवटचा भाग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

जागा, भावडबारीचा घाट. देवळ्याहून नाशिकला येताना लागतो तो. वेळ, मागच्या पौषातल्या अमावस्येची तिन्हीसांज.

त्या घाटातून रोज शेकडो गाड्या जातात. त्यांना काही होत नाही. तुम्हालाही होणार नाही. तिथं जे आहे त्याला माणूस ठरलेला आहे.

वाल्मीक हा माझ्या मावशीचा धाकटा. लहानपणी जेवणाचं ताट स्टिअरिंगसारखं धरून घरभर पळायचा. हॉर्न तोंडाने. मावशी म्हणायची, "आधी ताटातलं खा, मग ने गाडी कुठं न्यायची तिथं." मोठा झाल्यावर त्याने पिकअप चालवली, दिंडोरीकडून द्राक्षाचे क्रेट वाहिले. पण जीव अडकला होता तो दहा चाकी ट्रकमध्ये. त्याला हेवी लायसन्स लागतं. आणि लायसन्सच्या आधी लागतो उस्ताद.

त्याला उस्ताद मिळाला नाथाभाऊ.

आडगावच्या ट्रक टर्मिनलवर नाथाभाऊला ओळखत नाही असा माणूस नव्हता. पन्नाशीचा आडवा गडी. गाडीवर हात असा की बघत राहावं. जीभ मात्र कात्री. "वाल्या, क्लच हाय तो, विंचू नाय. नीट पाय ठेव!" अशी त्याची शिकवणी चालायची. वाल्मीक निमूट ऐकायचा. शिव्या खाल्ल्याशिवाय ड्रायव्हर होत नाही, असं त्या नाक्यावर सगळेच मानतात.

पहिले कित्येक महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. काच पुसायची. टायर लोखंडी गजाने ठोकून आवाजावरून हवा ओळखायची. आणि गाडी चढावर थांबली की लगेच उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायचा, म्हणजे गाडी मागे सरकत नाही. "हँडब्रेकवर इस्वास ठेवणारा म्हातारा होत नाय," हे नाथाभाऊचंच वाक्य.

निघताना तो दगड उचलून रस्त्याच्या बाहेर टाकायचा.

ही दुसरी गोष्ट मात्र बरेच जण करत नाहीत. गाडी निघून जाते. दगड रस्त्यात तसाच राहतो.

त्या अमावस्येला ते देवळ्याहून कांदा भरून निघाले होते. गाडी जुनी, माल गच्च. घाटाच्या मध्यावर, एका वळणावर मागचं टायर बसलं. वाल्मीकने उडी मारली. कठड्यातून निखळलेला एक मोठा काळा दगड कडेला पडला होता. त्याच्या एका अंगाला चुन्याचा पांढरा पट्टा होता. दोन्ही हातांनी उचलून तो त्याने चाकामागे लावला. दोघांनी मिळून टायर बदललं. तोवर दिवस बुडत आला.

नाथाभाऊ हात पुसत म्हणाला, "आज तू बस. भरली गाडी चढावर उचलून दाखव. इतभर मागं आली तर कान उपटीन."

वाल्मीक स्टिअरिंगवर चढून बसला. याच दिवसाची तर तो वाट पाहत होता. क्लच अर्धा सोडला. हळूहळू रेस दिली. गाडी थरथरली... आणि पुढे सरकली. एवढीशीही मागे आली नाही. नाथाभाऊ खाली उभा राहून चाकं बघत होता. "वा रे पठ्ठ्या!" म्हणत तो चालत्या गाडीत चढला.

वाल्मीकने आनंदाने आरशात पाहिलं.

मागे रस्त्यात... बरोबर मधोमध... पांढरा पट्टा दिसत होता.

"नाथाभाऊ, दगड राहिला!"

"राहू दे."

"थांबवू का?"

"आता थांबलास तर परत उचलता येईल का तुला? चल सरळ. कोणीतरी काढील."

वाल्मीक थांबला नाही.

खरं सांगायचं तर अजूनही काही बिघडलं नव्हतं. घाटमाथ्यावर टपरी आहे. तिथं दोघं थांबले. नाथाभाऊने सगळ्यांना ऐकवलं, "पोरगं आज ड्रायव्हर झालं!" चहा झाला, भजी झाली. तिथून दगड फार लांब नव्हता. चालत गेलं तरी भजी गार व्हायच्या आत परत आले असते. पण वाल्मीक त्या वेळी हवेत होता. त्याला दगडाची आठवणच राहिली नाही. मला त्याचा राग येतो तो इथं येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी गाडी घेऊन ते परत देवळ्याकडे निघाले. स्टिअरिंगवर वाल्मीकच होता.

घाटात गर्दी होती.

मोटरसायकल कठड्याशी पडली होती. दुधाच्या दोन किटल्या चेपून बाजूला गेल्या होत्या. डांबरावर दूध वाळून पांढरं झालं होतं. पहाटेच्या धुक्यात दूधवाल्याला दगड दिसला नव्हता. कारभारी नाव त्याचं. खालच्याच वस्तीवरचा. त्याचं प्रेत उचलून नेलं होतं, पण त्याची आई तिथून उठायला तयार नव्हती. यशोदाबाई. रस्त्यातच बसली होती.

तिच्या मांडीवर तो दगड होता.

"मना आंडोर... मना आंडोर..." एवढंच चाललं होतं तिचं. माझा मुलगा, माझा मुलगा.

नाथाभाऊने काच वर घेतली. "बघू नको. हळूहळू काढ गाडी."

गाडी तिच्या शेजारून जाऊ लागली तशी ती बोलायची थांबली. मान वर केली. तिने कोणाकडे पाहिलं नाही, पण आवाज काचेतून आत आला.

"ज्यानं हा दगड टाकला, त्याची गाडी मागं येईल. आन् त्याला दगड गावणार नाय. माझा कारभारीच बघून घेईल."

 घाट उतरल्यावर वाल्मीक म्हणाला, "आपण जाऊन सांगू तिला."

"काय सांगशील? दगड आमचा म्हणून? पोलीस काय आरती ओवाळतील का? माझं लायसन्स जाईल, तुझं तर यायच्या आधीच जाईल. तोंड बंद ठेव."

वाल्मीकची टेस्ट जवळ आली होती. त्याने तोंड बंद ठेवलं.

त्यानंतर सुरू झालं.

पहिल्यांदा आवाज आला. देवळ्याहून परतताना, ओझरच्या पुढे सपाट रस्त्यावर... गाडीच्या मागून...

खण्... खण्... खण्...

रिकाम्या किटल्या एकमेकींवर आपटाव्यात तसा.

वाल्मीकने आरशात पाहिलं. मागे एकही मोटरसायकल नव्हती.

"मागच्या फाळक्याची साखळी असंल," नाथाभाऊ म्हणाला. म्हणजे आवाज त्यालाही आला होता. गाडी थांबवून त्याने साखळी दोरीने करकचून बांधली. गाडी निघाली.

खण्... खण्...

नाथाभाऊने गाण्याचा आवाज वाढवला.

मग दगड गायब व्हायला लागले. आडगावला गाडी लावली की वाल्मीक सवयीने चाकामागे दगड लावायचा. एकदा दुपारी चहा पिऊन आला, तर दगड नाही. त्याला वाटलं कोणी उचलला असेल. दुसरा लावला. हात धुऊन वळला...

तोही नव्हता.

दगडाच्या जागी जमीन ओली होती. पांढरी ओली. आंबलेल्या दुधाचा वास येत होता.

भर दुपारी, चार माणसांच्या गर्दीत वाल्मीकची पाचावर धारण बसली. त्याने नाथाभाऊला बोलावून दाखवलं. नाथाभाऊ वाकला, वास घेतला, आणि क्षणभर त्याचा चेहरा उतरलेला वाल्मीकने पाहिला. पण तो नाथाभाऊ होता.

"चोराच्या मनात चांदणं म्हणत्यात ते हेच. मांजरानं सांडलं असंल दूध. मेलेला माणूस रतीब घालायला येतो का रे?"

असं बोलला खरा. पण संध्याकाळी सुताराकडून बाभळीचा एक ठोकळा करून आणला. तिरका तासलेला, चाकाखाली घट्ट बसेल असा. सीटखाली ठेवला आणि म्हणाला, "हा काय पळून जात नाय."

पुढची अमावस्या आली.

मी वाल्मीकला विचारलं होतं, त्या दिवशी गेलासच कशाला? तो म्हणाला, टेस्ट चार दिवसांवर होती. नाथाभाऊने ठरवलं होतं की भावडबारी त्यानेच चढवायची. भरल्या गाडीने, मधे न थांबता. तेवढं जमलं की लायसन्स हातात आल्यासारखंच.

देवळ्यातून निघताना स्टिअरिंगवर वाल्मीक होता. घाटाच्या पायथ्याशी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. पहिलं वळण आलं...

खण्...

या वेळी आवाज मागून आला नाही. शेजारून आला. ड्रायव्हरच्या दाराच्या अगदी बाहेरून.

खण्... खण्...

 वाल्मीकने गाडी बाजूला घेतली. "नाथाभाऊ, मला नाही जमणार. आज तुम्ही चढवा. पाया पडतो."

"दूधवाल्याला भ्यायला व्हय? सरक तिकडं! घाट काय भुताच्या बापाचा हाय?"

दोघांनी जागा बदलल्या. नाथाभाऊ ड्रायव्हरच्या सीटवर बसला.

आवाज थांबला.

गाडी चढू लागली. नाथाभाऊ गाणं गुणगुणत होता. कठड्याचं ते वळण आलं. पंक्चर झालं होतं तेच. आणि तिथं... काही धक्का नाही, काही धूर नाही... इंजिन बंद पडलं. दिवा फुंकावा तसं.

एकदम शांत. रातकिडेसुद्धा नाहीत.

नाथाभाऊने हँडब्रेक ओढला. गाडी थांबली नाही. ब्रेक दाबला. पाय थेट खाली गेला. गाडी मागे सरकायला लागली.

"वाल्या, ठोकळा! ठोकळा लाव!"

वाल्मीकने सीटखालून ठोकळा ओढला आणि उडी मारली. मागच्या चाकाकडे धावला, वाकला, ठोकळा चाकाखाली सारला. चाक त्याला टेकलं. गाडी थांबली. वाल्मीकने श्वास सोडला...

आणि चाक परत फिरायला लागलं.

ठोकळा तिथं नव्हता. नुसती ओली पांढरी जागा होती.

"दगड लाव! वाल्या, दगड!"

वाल्मीक कडेला धावला. त्या वळणावर दगडांचा खच असतो, रोज बघायचा तो. हाताने चाचपलं. माती. गवत. पुढे गेला. माती. गवत. एक दगड नव्हता. मुठीत मावेल एवढासुद्धा नाही. कोणीतरी झाडून काढावा तसा सगळा काठ मोकळा होता.

मग त्याने मागे पाहिलं.

गाडीच्या मागे, रस्त्यात, एक माणूस उभा होता.

अंगात स्वेटर. कानटोपी. गुडघ्यापर्यंत पँट पांढरी, ओली. तोंड अंधारात. दोन्ही हातांनी त्याने छातीशी काहीतरी धरलं होतं, लेकरू धरतात तसं. गाडीच्या मागच्या दिव्याचा लाल उजेड त्यावर पडला...

चुन्याचा पांढरा पट्टा.

"दादा, लावा!" वाल्मीक ओरडला. "हात जोडतो, दगड लावा!"

तो माणूस हलला नाही. गाडी त्याच्या अंगावर येत होती तरी हलला नाही.

"वाल्या! दगड..." नाथाभाऊचा आवाज केबिनमधून येत होता. दार आतून उघडत नव्हतं. आतून धडका बसताना वाल्मीकला ऐकू येत होत्या. एवढा तगडा माणूस, पण दार उघडलं नाही.

गाडी त्या माणसातून गेली. कठडा तोडून खाली गेली.

नाथाभाऊ जागीच गेला.

पंचनाम्याला सकाळी माणसं आली तेव्हा वाल्मीक तिथंच बसून होता. त्याने सांगितलं, दगड मिळाला नाही. पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने बोट दाखवलं. कडेला दगडच दगड होते. लहान, मोठे, ढीगभर. "घाबरून दिसले नसतील," तो समजुतीने म्हणाला. बाभळीचा ठोकळा केबिनमध्ये सीटखाली सापडला. त्याला दुधाचा वास येत होता, पण तो वास फक्त वाल्मीकने घेतला.

वाल्मीक टेस्टला गेलाच नाही. पंधरा दिवस घरात पडून होता. शेवटी आईला न सांगता एकटाच निघाला आणि यशोदाबाईच्या वस्तीवर गेला. सगळं सांगून टाकायचं, पाय धरायचे, मग ती देईल ती शिक्षा. असं ठरवून गेला.

म्हातारी ओट्यावर बसली होती. गोठा रिकामा. कोपऱ्यात चेपलेल्या किटल्या घासूनपुसून ठेवल्या होत्या.

वाल्मीकने सांगितलं. टायर बसल्यापासून ते नाथाभाऊपर्यंत. ती रडली नाही, ओरडलीही नाही. मधेच म्हणाली, "दगड मी घरी आणला व्हता. त्या सांजेला उंबऱ्यावरून गेला. मंग कळलं गाडी पडली. मला वाटलं, झालं काम."

"आजी, मला माफ करा."

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"दगड रस्त्यात सोडला, त्या येळेला गाडीवर कोण व्हतं?"

खोटं बोलता आलं असतं. मेलेल्या माणसाच्या नावावर सगळं खपतं. पण वाल्मीक खरं सांगायला आला होता.

"मी होतो."

"आन् पडली तवा?"

"नाथाभाऊ. मी भ्यालो म्हणून ते बसले."

 म्हातारीने मान वळवली. रिकाम्या गोठ्याकडे. आणि घरातल्या माणसाला हाक मारावी तशी साध्या आवाजात म्हणाली,

"ऐकलं का रे कारभारी... हा व्हता गाडीवर."

वाल्मीक सांगतो, कोपऱ्यातल्या किटल्यांना कोणी हात लावला नव्हता. वारा नव्हता.

खण्... खण्...

तो तिथून कसा पळाला ते त्याला आठवत नाही.

वाल्मीकने गाडी सोडली. मोठी सोडली, पिकअपही सोडली. आता नाशिकच्या हिरावाडीत एका दुकानात काम करतो, तिथंच मागे खोली घेतलीय. चालत जातो, चालत येतो. मला वाटलं, संपलं. मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे मुक्कामाला गेलो, तेव्हा कळलं.

पहाटे जाग आली. बाहेर आवाज येत होता...

त्या गल्लीत पिशवीचं दूध येतं. किटलीवाला कोणी नाही. तरी आवाज आला, आणि तो मीपण ऐकला. खिडकीखालून गेला आणि गल्लीच्या वळणावर थांबला.

वाल्मीक आधीच उठून बसला होता. त्याने चपला घातल्या. मी मागोमाग गेलो.

वळणावर, रस्त्याच्या बरोबर मधे, एक काळा दगड होता. एका अंगाला चुन्याचा पट्टा. ओला.

वाल्मीकने वाकून दोन्ही हातांनी तो उचलला. कडेला नेऊन भिंतीशी ठेवला. हात पँटला पुसले.

"रोज असतो," तो म्हणाला. "रोज उचलतो. दिवसा कधी नाहीसा होतो कळत नाही. त्या दिवशी एवढंच करायचं होतं, दादा. एवढंच."

"आणि एखाद्या दिवशी उचलायचा राहिला तर?"

 तो वळणाकडे बघत राहिला. थोड्या वेळाने त्याच वळणावरून शाळेची रिक्षा गेली. पोरांनी गच्च भरलेली.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. आत्ता पहाटे वाल्मीकचा फोन आला. तापाने फणफणलाय. उभं राहता येत नाही, दोनदा दारापर्यंत जाऊन पडला. आवाज येऊन गेला म्हणतो. "दादा, येऊन तेवढा दगड उचल रे."

मी नाशिकच्याच अंबडला, दुसऱ्या टोकाला राहतो. सगळं नाशिक ओलांडून जायचं. बाहेर कडाक्याची थंडी, धुकं दाट. मी पांघरुणात बसून हे लिहीत राहिलो. म्हटलं, उजाडू दे. रस्ता वाहता आहे. कोणीतरी काढील...

आणि लिहिता लिहिता थांबलो.

गाडीची किल्ली हातात घेतलीय. निघतो. फक्त एकच... मगाशी आमच्या बिल्डिंगच्या खालून आवाज गेला. आमच्याकडेही पिशवीचंच दूध येतं.